मूळ प्रत हरवली तर

५ ऑगस्ट, सोमवार

आलो एकदाचे. सामान अजून दोऱ्यांत बांधलेलंच आहे, पण चहाचं भांडं आणि ही वही हाताला लागली, म्हणजे अर्धा संसार मांडल्यासारखाच. इतकी वर्षं या कॉलेजात दोन तास, त्या कॉलेजात तीन तास अशी वणवण केली. आता विद्यापीठाच्या इतिहास विभागात कायमची व्याख्याती. दारावर पाटी लागणार आहे म्हणे. पाटी बघितल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही.

घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. खिडकीजवळची पलंगाची बाजू ठकीनं आल्या आल्या स्वतःच्या नावावर करून घेतली. ठकी म्हणजे माझी लेक, दुसरीत जाते. तिचं खरं नाव मी रागावले की बाहेर येतं, एरवी ठकीच. तिचे बाबा ती पोटात असतानाच गेले. तेव्हापासून आम्ही दोघी, तिसरं कुणी नाही. समोरच्या काकूंनी किल्ली आणून दिली आणि ठकीच्या हातावर बिस्किटं ठेवली. त्यांच्याकडं फारसं कुणी येत-जात नसावं, पोरीला बघून खुलल्या.

ताईचा फोन आला. माझी ही थोरली बहीण साता समुद्रापार राहते. ठकी झाल्यापासून तिला येणं जमलेलं नाही, लाड मात्र फोनवरून उतू जातात. तिची नेहमीची तक्रार, दोघींचा एकत्र फोटो का पाठवत नाहीस. कसा पाठवणार? एक फोटोत असली की दुसरी कॅमेऱ्यामागं. ठकीनं मावशीला जिन्यातल्या मांजराची सगळी खबर दिली आणि मला बोलायला शेवटचे दोन शब्द उरले. ताई म्हणाली की माय मरो आणि मावशी जगो, असं लोक उगाच म्हणत नाहीत. मी म्हटलं, माय एवढ्यात मरत नाही, तिला अजून भांडी लावायची आहेत.

७ ऑगस्ट, बुधवार

विभाग आवडला. लांब बोळ, दोन्हीकडे कपाटं, डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास, आणि टोकाला एक मोठी खोली. तिथं टेबल, किटली आणि फळा. विभागप्रमुख बाई साठीच्या आहेत, किरकोळ, आवाज कधी चढत नाही. मुलं त्यांना मागं खोडरबर म्हणतात. कारण आज कळलं.

दर बुधवारी दुपारी इथं ‘चाळणी’ असते. चहा झाला की एकानं फळ्यावर एक विधान लिहायचं. बाकीच्यांनी दुसरा पुरावा मागायचा. एका साधनावर, म्हणजे एकाच कागदावर किंवा एकाच साक्षीवर, उभं असलेलं विधान इथं धरत नाहीत. दुसरं साधन हवं, आणि ते पहिल्यावरून उचललेलं नको. नसेल तर बाई ओलं फडकं घेतात आणि पुसतात. मध्ययुगवाले सर गडगडाटी बोलतात, त्यांची एक अख्खी लढाई आज पुसली गेली. ते हसत होते, पण रुमालानं मान पुसत होते.

नवी म्हणून मलाही लिहायला लावलं. माझी काही तयारी नव्हती. म्हटलं, असं काही लिहू जे यांच्या बापाला पुसता येणार नाही. लिहिलं, ‘मला एक मुलगी आहे.’

बाईंनी दुसरा पुरावा विचारला. मी शाळेचं नाव सांगितलं. शाळेला कुणी सांगितलं, तर मी. फोटो? काढले कुणी, तर मी. जन्माचा दाखला? त्यात मुलगी झाल्याची नोंद आहे, ती हीच कशावरून, तर मी सांगते म्हणून. सगळे ओहोळ एकाच झऱ्यातून निघालेले. मला गंमत वाटली, खरं तर कौतुकच वाटलं, इतकी कडक शिस्त मी कुठं पाहिली नव्हती. बाईंनी फडकं फिरवलं आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

नाणीवाले सर तेवढे वाजवत नव्हते. ते जुन्या नाण्यांवर काम करतात, बोलणं नाण्यांइतकंच मोजकं. सफरचंद चिरत बसले होते.

१२ ऑगस्ट, सोमवार

शाळा सुटली की ठकी विभागात येते आणि माझ्या खोलीत चित्रं काढत बसते. नाणीवाल्या सरांशी तिची गट्टी जमली आहे. ते दुपारी सफरचंदाचे दोन भाग करतात, एक स्वतः खातात, दुसरा तिच्यापुढं सरकवतात. दोघांत चकार शब्द नाही. मला मात्र घरी सफरचंदासाठी तिच्या मागं धावावं लागतं.

आज पहिल्या वर्षाच्या मुलांना साधनांबद्दल शिकवलं. मूळ प्रत हाती असली की तिच्या नकलांना किंमत नाही, कितीही असोत. पण मूळ प्रत हरवली, तर नकला हीच साधनं होतात. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, म्हणजे नकलांचं भाग्य मूळ प्रत हरवण्यातच की काय. सगळा वर्ग हसला, मीही हसले.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

ठकी फुरंगटून घरी आली. वर्गबाईंनी हजेरीत तिला हाक मारली नाही म्हणे. मी म्हटलं, चुकून राहिलं असेल, तू हात वर करायचास. तिनं केला होता.

संध्याकाळी काकू भेटल्या. लेक कशी आहे तुमची, असं विचारलं. ठकी माझं बोट धरून उभी होती. वय झालं की नजर जाते.

२० ऑगस्ट, मंगळवार

शाळेत जाऊन आले. वर्गबाई गोड बोलल्या. म्हणाल्या की तुम्ही फॉर्म भरला आहे खरा, नाव आमच्याकडं आहे, मुलीला पाठवाल तेव्हा पाठवा. मी सांगितलं, ती रोज येते, ती बघा खिडकीजवळ. त्यांनी तिकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं, आजाऱ्याकडं पाहतात तसं.

घरी येताना ठकीनं विचारलं, आई, मी आज वर्गात होते ना? होतीस म्हटलं. तुला कसं माहीत, म्हणाली. 

२१ ऑगस्ट, बुधवार

मी चाळणीत पुन्हा तेच विधान मांडलं. या वेळी ठकीला घेऊन गेले आणि खुर्चीवर बसवलं. मध्ययुगवाले सर त्याच खुर्चीवर आपली पिशवी ठेवायला आले. मी हात आडवा घातला नसता तर ठेवलीच असती. ठकीनं आपलं नाव सांगितलं, खणखणीत. कुणी मान वळवली नाही. बाईंनी मात्र ऐकलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या की स्वतःबद्दलचं स्वतःचं म्हणणं पुरावा होत नाही.

मी नाणीवाल्या सरांना गाठलं. सफरचंद कुणाला देता ते सांगा, एवढंच सांगा. ते उभे राहिले. खूप वेळ आठवत राहिले. मग म्हणाले की मी ते नेहमीच दोन भागांत चिरतो. तुम्ही यायच्या आधीपासून. दुसरा भाग कुणाचा, ते मला सांगता येत नाही.

बाईंनी पुसलं. नंतर बोळात नाणीवाले सर माझ्यापाशी आले. त्यांनीही म्हणे एकदा असंच गमतीनं काहीतरी फळ्यावर लिहिलं होतं, घरातल्याच कुणाबद्दल. काय लिहिलं होतं ते आठवत नाही. घरी चपलांचा एक लहान जोड आहे, तो टाकवत नाही. मला म्हणाले, पोरीला घेऊन इथून जा. ते रडत होते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

जायला निघालो होतो, आमच्या जुन्या गावी. कंडक्टरनं दोन तिकिटांतलं एक परत घेतलं, बाई, तुम्ही एकट्याच आहात, म्हणाला. गाडी जसजशी पुढं जाऊ लागली तसतसा ठकीचा हात हलका होत गेला. आधी झोपलीय म्हणून सैल पडला असेल वाटलं. ती जागी होती. माझ्याकडं बघत होती आणि तिच्या पाठीमागची सीट मला दिसत होती.

मधेच उतरलो. परत आलो. पळून उपयोग नाही. जे पुसलं गेलंय ते जाऊ तिथं पुसलेलंच.

मीच पुसलं. चारचौघांत शहाणपण मिरवायला गेले. पोटच्या पोरीला फळ्यावर मांडलं आणि वर टाळ्या वाजवल्या.

२६ ऑगस्ट, सोमवार

ताईला फोन लावला, तिला ठकीशी बोलायला सांगितलं. ती म्हणाली, आवाज येत नाहीये, देतेस ना तिला? ठकी फोनला तोंड लावून मावशी मावशी करत होती. ताई घाबरत घाबरत म्हणाली, तू सांगतेस म्हणून मी धरून चालले गं, पण तिला मी कधी पाहिलंय?

मी फोन ठेवला. ठकीनं विचारलं, मावशी रागावली का.

२७ ऑगस्ट, मंगळवार

उशीवर खळगा पडत नाही आता. जेवते, पण ताट तसंच राहतं. तिला भूक लागते, म्हणजे ती आहे. मला दिसते, म्हणजे आहे. पण मी— मी म्हणजे एक साधन. एकच.

दिवसभर वेड्यासारखी हिंडले. दूधवाला, वाचनालय, शाळेचा दरवान. सगळे म्हणतात, हो, तुम्ही सांगितलं होतं ना. तुम्हीच सांगितलं होतं. जिथं हात घालावा तिथं माझाच आवाज. काकूंना मी सांगितलं. शाळेला मी. ताईला मी. सगळ्या माझ्या नकला. मी आहे तोवर त्यांना किंमत नाही.

मी आहे तोवर.

मागच्या बाकावरची ती मुलगी काय म्हणाली होती—

२८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी बाईंच्या खोलीत गेले. सरळ विचारलं. मूळच उरलं नाही तर? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मग शाळा, शेजार आणि बहीण ही तीन साधनं होतील, स्वतंत्र. विधान टिकेल. पण मूळ परत सापडता कामा नये. सापडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यांना वाईट वाटत होतं की नाही, मला सांगता येत नाही. चहा विचारला.

दुपारी फळ्यावर लिहिलं, ‘मी हयात आहे.’

दुसरा पुरावा विचारला गेला. मध्ययुगवाले सर छताकडं बघत बसले. नाणीवाले सर उठायला लागले, हात वर गेलाच होता त्यांचा. मी डोळ्यांनीच त्यांना बसा म्हटलं. ते बसले. बाईंनी फडकं पिळलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

३० ऑगस्ट

ठकीला वर्गात हाक मारली. हजेरीत पहिलं नाव तिचंच होतं म्हणे. उड्या मारत आली. उशीवर खळगा पडला आहे, मी हात लावून बघितला, ऊबदार होता.

माझ्या दारावर पाटी लागली होती. आज नाही.

सप्टेंबर

काकूंनी ठकीला आपल्याकडं नेलं. जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, बिचारीची आई गेली, मावशी निघालीय तिकडून. मी पायरीवर बसले होते. माझ्या अंगावरून गेल्या.

ठकी अजून बघते माझ्याकडं. कमी बघते.

बुधवार असावा

ताई आली. केस पिकलेत तिचे. ठकीला पोटाशी धरून रडली, हुबेहूब माझ्या बहिणीसारखी दिसतेस, म्हणाली. मी दारात. ताई, मी इथं आहे गं— नाही. बोलायचं नाही. बोलले तर—

ठकी जाताना जिन्यात थबकली. काकू, जरा सरकता का, म्हणाली मला. शहाण्यासारखं. मीच शिकवलंय तिला, मोठ्यांशी नीट बोलावं.

सरकले.

नंतर

ही वही राहिली. ही मूळ आहे. हिच्यात सगळं माझ्या तोंडचं. कुणी वाचली तर मी सापडेन, आणि मी सापडले तर ती—

जाळायची आहे. काड्यांची पेटी समोर आहे. काडी बोटांत राहत नाही. पानं फाडू म्हटलं, फाटत नाहीत, माझ्यात तेवढा जोरच उरलेला नाही. पेन्सिल कशीबशी. अक्षर उमटतंय की नाही—

तिचं खरं नाव लिहिलेलं नाही कुठं. बरं झालं. तेवढं एक बरं केलं.

वाचणाऱ्यानं इथंच थांबावं. वही मिटावी. काडी लावावी, तुमच्या हातात जोर असेल. कुणाला सांगू नका. ती विमानात असेल आता, मावशीच्या कुशीत, हात जड असेल तिचा, जड राहू दे—

ताई, तुझी म्हण. मी हसले होते. माय मरो आणि माव