गिटारच्या पेटीची पूजा नको

वैनी,

आज खंडेनवमी. आई विळा-कुऱ्हाडीबरोबर माझ्या गिटारच्या अँप्लिफायरच्या पेटीलाबी पाणी शिंपडून हळदकुंकू लावंल. लावू देऊ नका. दसऱ्याच्या कार्यक्रमासाठी आवाज वाढवायला मी त्याची पाठ उघडलीय. आतलं जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचं काम अर्धंच राहिलंय. खोलीला कडी घातलीय, पूजा उंबऱ्यावरच करा.

मी मिरजेला डॉक्टरकडं चाललोय. येताना रेडिओवाल्याला घेऊन येतो, तवर पेटीला कुणी शिवायचं न्हाई. अक्षर डाव्या हाताचं हाय, लागलं न्हाई तर परत वाचा. आईला दवाखान्याचं सांगू नका.

ती म्हणंल, भिंतीतली पिन तर काढलेली हाय, मग कसली भीती. वैनी, पिन काढली तरी आत वीज साठून ऱ्हाती; मीबी पिन काढूनच हात घातला होता.

जोतीराम