तुझे फोटो कोण काढतं?

स्पॅनिश फोर्क, यूटा
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय जनेसा,

मी बरा आहे. तूही बरी असशील, निदान फोटोंत तरी दिसतेस. फोन करायचा नाही असं तू बजावून गेलीस, पत्राबद्दल काही बोलली नाहीस, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. शाळा सुटल्यापासून मी बिलांखेरीज हाताने काही लिहिलेलं नाही.

इकडची खबर म्हणजे थंडी मरणाची आहे आणि लोकांचे हीटर नेमके रविवारी बंद पडतात, त्यामुळे मला चर्च बुडवायला बरं कारण मिळतं. आज मात्र आईने सोडलं नाही. आपल्या बाकावर माझ्या शेजारी तुझी जागा मोकळी होती, तिथे तिने आपली पर्स ठेवली आणि पलीकडे स्वतः बसली. कोणी विचारलं की "जनेसा अजून सेंट जॉर्जलाच का हो?" की ती म्हणते, "हो ना, तिकडे ऊन चांगलं पडतं फोटोंना." घरी आल्यावर मला म्हणाली, "अरे, मी अजून किती दिवस उन्हावर ढकलू?" आणि बटाट्याचं भलंमोठं भांडं ओट्यावर आपटलं. वर चीज, कॉर्नफ्लेक्स, सगळं. मयताच्या घरी नेतात ना, तेच. मी म्हटलं, "आई, कोणी गेलंय का?" तर म्हणे, "तुझं तोंड बघून तसंच वाटतंय."

आता चार दिवस तेच खायचं.

तुझ्या ब्लॉगवरचं 'या महिन्यात माझं लाडकं' वाचलं. पहिल्या तारखेलाच वाचतो, सकाळी ट्रकमध्ये बसून. ती निळ्या ट्यूबमधली हातांची क्रीम मी घेऊन आलो. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "बायकोसाठी का?" मी हो म्हणून मोकळा झालो. बोटांच्या भेगा भरल्या बघ. चिकट होत नाही असं तू लिहिलंयस ते खरं आहे. इतकी वर्षं ते सगळे डबे-बाटल्या मी नुसते उजेडात मांडत होतो, उघडून कधी पाहिलं नाही. ओठांना लावायचं ते गुलाबी मात्र घेतलं नाही, माणसाला थोडी लाज असावी.

जुन्या कपड्यांच्या दुकानातलं ते मोरपंखी जाकीट तुला शोभतं. कोपरावरचं ठिगळ लपवलं नाहीस ते बरं केलंस. स्वस्तातलं घ्यावं आणि स्वस्तातलं आहे हे सांगावं, हा तुझा बाणा मला पहिल्यापासून आवडायचा. तुला सांगितलं नसेल कधी.

आता झायनच्या डोंगरांजवळच्या त्या लाकडी घराचं. तू लिहितेस, "स्वप्नातली दोन रात्रींची सफर." व्हरांडा, पांघरूण, समोर लाल डोंगर आणि लाकडी फळीवर हॉट चॉकलेटचे दोन कप. दोन कप मांडायचे असतात हे मला शिकवू नकोस, ते मीच मांडत होतो. एका कपाची सफर कोण विकत घेईल, असं तूच म्हणायचीस. पण आपल्या फोटोंत दुसरा कप भरलेला असायचा, कारण मी कॅमेऱ्यामागे असायचो आणि वर साय धरायची. या फोटोत दोन्ही कप अर्धे रिकामे आहेत.

आणखी एक. सगळे फोटो खालून काढलेत. तुझी उंची बेताची, म्हणून मी गुडघ्यावर बसून काढायचो, म्हणजे तू उंच दिसतेस. माझ्या सगळ्या पँटी गुडघ्यावर विरल्या त्या त्यानेच. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आता दुसरं कोणीतरी तुझ्यासाठी गुडघ्यावर बसतंय.

कोण आहे तो, असं मी विचारत नाहीये.

तुझ्या वकिलाचं पाकीट मिळालं. फ्रिजवर ठेवलंय. बघतो सवडीने. सध्या हीटरची कामं फार आहेत.

काळजी घे,
किंबॉल

०

स्पॅनिश फोर्क
रविवार, ९ मार्च

जनेसा,

तुझं कार्ड आलं. समोर लाल डोंगर, मागे तीन शब्द: "कागदांचं बघ, किंबॉल." बाकी सगळी जागा कोरी. टपालखात्याने त्या कोऱ्या जागेचेही पैसे घेतले असतील.

मी आज जरा तिरसट लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझी मार्चची यादी वाचली. उन्हापासून जपणारी ती पांढरी क्रीम, लाल मातीत उठून दिसणारा हिरवा लांब झगा, आणि तिकडच्या स्नो कॅनियन दरीतली वाळू. सुंदर. खाली कोणा बाईने विचारलंय, "तुझे फोटो कोण काढतं? नवरा का? माझ्या नवऱ्याला शिकवायला पाठव की." बाकी प्रत्येकीला तू सविस्तर उत्तर दिलंयस. झग्याचं माप, क्रीम कुठे मिळेल, कुत्रा आणलेला चालतो का. आणि या बाईला काय दिलंस? एक लाल बदाम.

त्या बदामाने माझा आठवडा खाल्ला. बदामाचा अर्थ काय? नवरा असा की नवरा नाही असा? प्रोव्होच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे हीटर बसवताना मी वायर उलटी जोडली. वीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. बाई म्हणाल्या, "बाळा, घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो, बायको गावाला गेलीय, जेवणाचे हाल." त्यांनी मला बळेच पीचचा मुरंबा दिला. लोक मला खायला फार देतात सध्या.

तर माझं म्हणणं ऐक. मी सही करणार नाही. जोवर तो कोण आहे हे तू मला सरळ सांगत नाहीस तोवर ते पाकीट फ्रिजवरच राहील. मला फसवून कोणी खुशाल गुडघ्यावर बसावं आणि मी इकडे मुकाट्याने सह्या कराव्या, इतका मी भोळा नाही. तू म्हणशील हा हट्ट आहे. आहेच.

परवा पाइपाला गुंडाळायला चिंध्या हव्या होत्या म्हणून तुझं कपाट उघडलं. तुझे उरलेले कपडे बाजूला केले तर मागे तो छोटा पिवळा झगा. हँगरला. मला वाटत होतं, गेल्या वर्षीच तो तू भाचीला, टिलीला देऊन टाकलास.

होता तसा परत ठेवला. चिंध्या गॅरेजात मिळाल्या.

आई विचारत होती, ईस्टरला येशील का. ती हॅम आणणार आहे. मी म्हटलं, विचारतो. तर विचारलं, असं समज.

किंबॉल

०

स्पॅनिश फोर्क
रविवार, १६ मार्च

जनेसा,

काल मी सीडर सिटीला हीटरचा एक भाग आणायला गेलो होतो, असं आईला सांगितलंय. तुलाही तेच सांगणार होतो. तो भाग इथे आपल्या गल्लीच्या टोकाला मिळतो. मी तुला बघायला आलो होतो. खरं म्हणजे त्याला बघायला.

शनिवारी दुपारी ईस्टरच्या कपड्यांचे फोटो स्नो कॅनियनमध्ये काढणार, हे तूच पानावर लिहिलं होतंस. उन्हं कलताना तुला कुठली जागा आवडेल हे मला माहीत होतं. ट्रक एका मोठ्या कॅम्परच्या आड लावला आणि आत दडून बसलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, टोपी नाकापर्यंत ओढून. येताना रस्ताभर त्याला काय काय बोलायचं त्याची तालीम केली होती. फार घाण बोलणार होतो.

तू आलीस. एकटी. म्हटलं, तो मागून येईल.

तू कपड्यांची बॅग काढलीस, थर्मास काढलास आणि कॅमेऱ्याचा स्टँड काढलास. त्याचे पाय आखूड केलेस, पार गुडघ्याइतके. मग बटण दाबलंस आणि पळालीस. वाळूत पाय रुतत होते तरी पळालीस, वळलीस, हनुवटी वर केलीस आणि समोर कोणी नसताना हसलीस. परत पळत येऊन फोटो बघितलास. नाही आवडला. पुन्हा बटण, पुन्हा पळापळ. वाऱ्याने स्टँड आडवा झाला तेव्हा तू तिथेच वाळूत बसलीस आणि झग्याच्या टोकाने काच पुसत राहिलीस. फार वेळ पुसत होतीस. एक म्हातारा थांबला, मी काढून देऊ का असं विचारलं असावं त्याने. तू मान हलवलीस. तो गेला.

मग तू दोन कप भरलेस, एकातलं थोडं प्यायलीस, दुसऱ्यातलं थोडं प्यायलीस, आणि मग फोटो काढलास. दोन्ही तूच.

माझा हात दाराच्या मुठीवर होता. दार उघडलं नाही. तू गाडीत सामान भरून निघून गेलीस तरी मी तसाच. मग परत निघालो, आणि नीफायच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो तिथे रडलो. शेजारच्या पंपावरच्या माणसाने बिचाऱ्याने तोंड फिरवलं.

तुला वाटेल, बायकोला कोणी नाही हे कळल्यावर नवरा आनंदाने घरी आला असेल. मलाही आधी तसंच वाटलं, पाच-दहा मैल. मग डोक्यात शिरलं. कोणी असता तर बरं झालं असतं, जनेसा. मग तू त्याच्यासाठी गेलीस असं म्हणता आलं असतं, त्याला शिव्या देऊन झोप आली असती. पण कोणीच नाही. म्हणजे तू कोणाकडे गेली नाहीस, नुसती माझ्यापासून गेलीस. माझ्यासोबत राहण्यापेक्षा ती वाऱ्यातली पळापळ तुला सोपी वाटली. एवढं एकटं मला या थंडीतही वाटलं नव्हतं.

त्या पिवळ्या झग्याचं आता लिहितो. नाही लिहिलं तर या सगळ्या पत्रांत काही अर्थ नाही.

गेल्या ईस्टरला त्या कंपनीने मायलेकींचे एकसारखे झगे पाठवले. आपल्याला लेक नाही आणि होणार नाही, हे डॉक्टरांनी त्याआधीच्या शरदात सांगितलं होतं. आपण त्यावर एकदाही बोललो नव्हतो. तू माझ्या बहिणीची टिली दुपारपुरती मागून आणलीस. ती आपली आहे असं तू कुठे लिहिलं नाहीस, आणि आपली नाही असंही लिहिलं नाहीस. बायकांनी नंतर लिहिलं, "लेक अगदी आईवर गेलीय हो." पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, टिलीला परत सोडून येताना गाडीत तू म्हणालीस, "किंबॉल, काहीतरी बोल ना."

मी म्हणालो, "उजेड छान होता."

तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. त्यानंतर मला काही बोल असं तू म्हणाली नाहीस. निघालीस त्या दिवशीही नाही.

आज बोलतो. उजेड छान नव्हता. उजेड केव्हाच गेला होता. टिली तुझं बोट धरून फळबागेत चालत होती आणि मी फोटो काढतच राहिलो, पहिले दोन-चार सोडले तर एकही धड आला नाही, सगळे काळे. मला माहीत होतं ते काळे येतायत. मी थांबलो असतो तर तिला घरी न्यावं लागलं असतं. तू दोनदा हाक मारलीस, "झालं का रे?" मी म्हणालो, "अजून एक." कॅमेरा डोळ्याला होता म्हणून तुला माझं तोंड दिसलं नाही. तेवढ्यासाठीच तो मी खाली घेत नव्हतो.

मला मूल हवं होतं, जनेसा. तुझ्याइतकंच हवं होतं. आणि मूल नसलं तरी तू हवी होतीस. या दोन गोष्टी एका दमात कशा सांगायच्या ते मला कळेना. पहिली सांगितली तर तू खचशील, आणि नुसती दुसरी सांगितली तर तुला ती समजूत वाटेल. मग मी उजेडाचं बोललो. मला उजेडाचंच तेवढं बोलता येतं.

पाकीट फ्रिजवरून काढलं. जिथे जिथे वकिलाने खूण केली होती तिथे सही केली आहे. कागद याच पत्रासोबत आहेत, मोजून बघ. मी ते अडवून धरले होते ते त्या माणसाच्या रागाने, आणि तो माणूसच नाही म्हटल्यावर तुला अडवायला माझ्याकडे काही उरलं नाही. तुला जायचं असेल तर मी दारात उभा राहणार नाही. मला तू जावीस असं मुळीच वाटत नाही, हे मात्र स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणाला अंदाज करत बसायला नको.

कागद द्यायचे असतील तर देऊन टाक, मला कळवायचीही गरज नाही. द्यायचे नसतील तर फोन कर. काय बोलायचं ते मला अजून येत नाही, पण मी फोन ठेवणार नाही.

तू हे कागद कोर्टात देशील त्या दिवसापर्यंत
तुझा नवरा,
किंबॉल