मनगटावरचा चिंचोका

बाबा, मागच्या आठवड्यात कंपनीने आम्हा घरून काम करणाऱ्यांसाठी एक तासाचा वर्ग ठेवला होता, टेबलाशी आरामात कसं बसायचं याचा. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. कोपर काटकोनात, पावलं जमिनीला टेकलेली, मनगट उचललेलं, असं ती गोड आवाजात सांगत होती आणि मी जठारपेठेतल्या माझ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर दातओठ खात बसले होते. शब्द न् शब्द तुमचा होता. फक्त तुम्ही तो फूटपट्टीने शिकवला होता. सगळ्यांनी आपापली खुर्ची दाखवावी असं ती म्हणाली, तेव्हा मी तुमच्या टायपिंग क्लासातली ती सरळ पाठीची लाकडी खुर्ची दाखवली. तिने माझ्या बसण्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिला काय माहीत, जराही वाकले की माझ्या मानेपासून कमरेपर्यंत कळ जाते. दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन लावून मी परगावच्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. बसता आलं तरच नोकरी, आणि आता बसवत नाही.

जुन्या शहरातली ती खोली मला अजून वासासकट आठवते. सहा टाइपरायटर, शाईच्या फिती, आणि तुमच्या टेबलावरची चिंचोक्यांची वाटी. मशीनसमोर बसलं की तुम्ही प्रत्येकाच्या दोन्ही मनगटांवर एकेक चिंचोका ठेवायचात. चिंचोका पडला की पान पुन्हा पहिल्या ओळीपासून. लोकांची पोरं हसून पुन्हा सुरुवात करायची, कारण तास संपला की ती घरी जायची. मी घरीच होते. तेरा वर्षांची मी, माझा उजवा खांदा वर राहतो आणि उजवा चिंचोका काही केल्या टिकत नाही. तुम्ही मागे येऊन उभे राहता. काहून वाकून राहिली म्हणून विचारता. पाठ दुखून राहिली, असं मी सांगते, तर तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढता, माझ्या काखेखालून घेता आणि मला खुर्चीच्या पाठीशी करकचून बांधता. सगळ्यांदेखत.

"माह्यीच पोरगी वाकडी बसली त् मी लोकाइच्या लेकरांले काय शिकवू?"

दोन वर्षं, रोज. आईने एकदा ती गाठ सैल केली होती. चार दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत, तिच्या हातचं जेवला नाहीत. नंतर तिने गाठीला हात लावला नाही, मी रडायला लागले की ती मागच्या अंगणात भांडी घासायला जायची. पुढे मी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले, तेव्हा तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात की ही सगळी दुपट्ट्याची करामत आहे.

परवा अमरावतीला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. माझा कणा विळ्यासारखा वळलेला आहे, बाबा. तो वाकून बसल्यामुळे वळला नाही, हाडच तसं वाढत गेलं. वाढीच्या वयात दाखवलं असतं, नीट पट्टा लावला असता, तर इतकं झालं नसतं म्हणाल्या. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "लहानपणी घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का?" नाही, म्हणाले मी. आयुष्यभर लोकांच्या पाठी बघत फिरणारा माणूस माझा बाप होता, हे मला त्यांना सांगवलं नाही. तुमची लाज नाही वाटली, माझीच वाटली. तुम्हाला पाठीत फक्त आळस दिसायचा, हाड कधी दिसलंच नाही.

त्यांनी एक फॉर्म भरायला दिला होता. कधीपासून दुखतं, किती दुखतं, कशाने थांबतं. शेवटचा प्रश्न होता, अजिबात न दुखता तुम्ही शेवटचं कधी बसला होता? तो रकाना मी कोरा ठेवला. आठवत नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. तिथे लिहिता आलं नाही ते इथे लिहिते, हे कुठे पाठवायचं नाही म्हणून.

तुम्हाला लकवा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. क्लास कधीच बंद पडला होता. आई बाजारात गेली होती आणि तुम्हाला पेज भरवायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही सारखे एका अंगावर कलत होतात. मी खुंटीवरचा तुमचा दुपट्टा काढला, तुमच्या काखेखालून घेतला आणि तुम्हाला त्याच खुर्चीला बांधलं. पडू नये म्हणून एक गाठ पुरली असती. मी तीन मारल्या. तुम्ही घशातून आवाज काढलात, तेव्हा मी वाकून तुमच्या कानाशी म्हणाले, "सरळ बसा, बाबा. सरळ बसलं की दुखत नाही." मग स्वयंपाकघरातून एक चिंचोका आणला आणि तुमच्या मेलेल्या मनगटावर ठेवला. तो पडला नाही. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात आणि तुमच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते मी पुसलं नाही. पेज गार होऊ दिली. आईच्या चपला वाजेपर्यंत मी समोरच्या बाजेवर मांडी घालून, भिंतीला टेकून, पाहिजे तशी वाकडी बसून राहिले.

त्या दुपारी माझी पाठ अजिबात दुखली नाही.