दारं का अडकतात

४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस, अनेक आशीर्वाद.

पाय प्लास्टरमध्ये असला तरी तोंड जोरात चालू आहे, असं जावईबापूंनी कळवलं तेव्हा जिवात जीव आला.

मी मजेत. सुतारकी सोडून नुसतं बसायचं ठरवलं होतं, पण या इमारतीत मला उसंत नाही. यंदाच्या अवकाळी पावसाने हवा दमट झाली आहे आणि एकेक दार अडकतंय. आधी नवव्या मजल्यावरचं माझंच, मग चौथ्यावर शिंपीणबाईंचं. महिन्याभरात चौदा दारांना रंधा मारला. सगळी पूर्वेकडच्या खोल्यांची, आणि दर वेळी कडीकडचाच वरचा कोपरा. शिंपीणबाईंचं तर तीनदा झालं. आता एका बोटाने लागतं. कान गेले, पण हात शाबूत आहेत बरं का.

पायाला जप.

तुझे बाबा


७ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला उठता येत नाही, म्हणून ऑफिसातला माझ्यासारखाच इंजिनियर सहकारी हे पत्र हातोहात आणतोय. आधी रंधा खाली ठेवा.

लाकूड फुगलं असतं तर चारी बाजूंची दारं अडकली असती. इमारत नुसती कलली असती तर चौकटीही तिच्याबरोबर कलल्या असत्या आणि दारं सुखाने लागली असती. तुमच्या चौकटींचा काटकोनच मोडतोय. म्हणजे पूर्वेचे खांब बाकीच्यांपेक्षा जास्त खचताहेत. इमारत तिकडे झुकली की वजनही तिकडेच सरकतं, खालची माती आणखी दबते, आणि इमारत आणखी झुकते. हे आपोआप थांबत नाही. ती झाडासारखी आडवीही होत नाही, बाबा. एक खांब चिरडला की त्याचा भार शेजारच्यावर येतो, मग त्याच्या शेजारच्यावर, आणि वरचे मजले खालच्यांवर बसतात. त्याला मिनिटही लागत नाही.

दारं अडकत राहिली असती तर कुणालातरी वेळीच शंका आली असती. तुम्ही ती नीट करून दिलीत. हे तुम्हांला लागेल, पण लिहायलाच हवं.

पालिकेला फोन केला, पण त्यांना आधी मोजमाप हवंय, म्हणून सहकारी जिन्यात ओळंब्याची दोरी सोडून कल मोजेल. तुम्ही आत्ताच बाहेर पडा. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण बाहेरून.

तुमची मोजपट्टी


७ फेब्रुवारी, दुपार

चि. मोजपट्टीस, आशीर्वाद.

ओळंब्यात वरपासून तळापर्यंत वीतभर फरक निघाला. तुझा सहकारी पालिकेत धावतोय, हे तोच तुला पोचवेल.

मी बाहेर पडलेलो नाही. घरोघर फिरलो, कुणी ऐकेना. शिंपीणबाईंनी एका बोटाने दार लावून दाखवलं आणि माझ्या कानाशी ओरडून विचारलं, की इतकं छान लागतंय तर बिघडलंय काय? दमट हवेचं तुम्हीच सांगितलंत ना? मला मान वर करवेना. पोरी, या सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी मी बांधली. ती सोडल्याशिवाय मला जाता येणार नाही. त्यांचं दार बिजागऱ्यांतून उतरवायला निघालोय.

माझ्यावरचा राग फार दिवस धरू नकोस.

बाबा


१० फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस, अनेक आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. सगळेच आहेत.

ते दार मी खाली गेटाशी आणलं आणि सगळ्यांसमोर वरच्या कोपऱ्याला गुण्या लावला. काटकोन तपासायचं ते माझं जुनं लोखंडी हत्यार, लहानपणी तू पळवायचीस ते. दार आणि गुण्या यांच्यात करंगळी जाईल एवढी फट निघाली. मी सांगून टाकलं, की चौकट वाकडी झाली म्हणून मी सरळ दार वाकडं केलं, अशी चौदा केली, आणि मला अक्कल नव्हती. शिंपीणबाईंनी फटीत स्वतःची करंगळी घालून पाहिली. मग वर गेल्या आणि सासूबाईंना पाठुंगळी घेऊन उतरल्या. त्यांच्यामागून बाकीचे निघाले. त्याच संध्याकाळी पालिकेची माणसं आली तेव्हा इमारत रिकामी होती.

काल सकाळी ती गेली. आधी पूर्वेची बाजू गुडघ्यात मोडली, आणि तू लिहिलंस तसे मजल्यावर मजले बसले. तो आवाज माझ्या कानांनाही ऐकू आला. माणसं मी तीनदा मोजली.

आता आम्ही शाळेच्या हॉलमध्ये आहोत. शिंपीणबाईंच्या घरातलं ते दार तेवढं उरलंय. नवीन घराला हेच लावून द्या, असं त्यांचं म्हणणं. मी बजावलं, की सरळ चौकटीत हे बसायचं नाही, वर फट राहील.

त्या म्हणाल्या, राहू द्या.

लोभ आहेच, पाय बरा झाला की त्यावर चालत ये.

तुझे बाबा