मिरजोळ्याच्या कातळाला लागलेलं कूळ

मिरजोळे, भाद्रपद वद्य सप्तमी

ती. वन्संना यमुनेचा वाकून नमस्कार.

सगळ्यांत आधी आला तो रावजी, आणि तोही धावत. (तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? तेल लावता ना? आम्ही इथे सगळी खुशाल.) गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. म्हणाला, काकी, आपल्या कातळावर शहरातली दोन माणसं डबक्यात बसलीत. मी म्हटलं, जिथे तुझ्या म्हशी बसतात तिथे? तर म्हणाला, म्हशींना उठवून बसलीत.

मी तशीच गेले. कॉलेजातले चष्मेवाले रेडीज सर आणि एक तुळपुळे बाई. बाई पदर खोचून चिखलात (साडी बरी होती हो, वॉयलची). पावसात डबक्यांतून पांढऱ्या बटणांसारखा गेंद येतो ना, तो दोघं भिंगातून बघत होती आणि भांडत होती. सर म्हणत, ह्या दोन जाती. बाई म्हणत, एकच. गवताची जात काढायला कोण कशाला येईल, असं माझ्या मनात येतंय तोवर सर म्हणाले, "कूळ लागलंय, अडलंय ते जातीवर."

वन्सं, मामंजींची भातखाचरं कुळकायद्यात गेली ती आठवली. उरलाय तो हा एवढा कातळ, तुमच्या-माझ्या नावावर, त्यालाही कूळ? मी ताडकन सांगितलं, इथे कूळबीळ कोणी नाही, रावजीच्या म्हशी नुसत्या बसतात, कसत नाहीत. तर बाई म्हणतात, "आजी, वंशसुद्धा ठरलाय." आमचा वंश ठरवणाऱ्या ह्या कोण? मला मुलगे आहेत, नातवंडं आहेत, सगळ्यांची नावं सांगितली. त्यांनी ऐकूनही घेतलं (चहा दोनदा झाला). जाताना चार गेंद पिशवीत घालून डबक्यांत नंबराच्या चिठ्ठ्या बांधलेल्या खुंट्या ठोकून गेली. म्हणजे मोजणीच झाली की. त्यांची पाठ वळल्यावर मी रावजीकडून खुंट्या उपटवल्या, म्हशी सोडल्या आणि उरलासुरला गेंद खुरप्याने साफ केला. पुरावाच नको.

सोमवारी त्यांचं कार्ड आलं. राहीने (थोरल्याची मुलगी, यंदा बारावीला) वाचलं आणि हसत सुटली. कूळ म्हणजे झाडांचं घराणं म्हणे, त्यात वंश, वंशात जाती, आणि जात कळते ती बियांवरच्या केसांवरून. (मी बघितलेत भिंगातून, माझ्या डोक्यावरच्यापेक्षा दाट आहेत.) तर सर जिंकले. आपल्या डबक्यातली एक जात वेगळीच निघाली, कुठल्याच पुस्तकात नाही, आणि तिला नाव माझं देणार. तेव्हापासून मी आपली हसतेय. फक्त पक्कं करायला खुंट्यांजवळची ताजी रोपं लागतील, असं खाली लिहिलंय.

तुमची वहिनी,
यमुना

ता. क. आंजर्ल्याला तुमच्या घरामागे गेंद येतो ना? इकडे येणाऱ्या आत्मारामाच्या हाती ओल्या फडक्यात बांधून दोन ओंजळी पाठवा, मुळांसकट. दिसायला तर सारखाच.

आणखी ता. क. निवडताना केसवाला बघून घ्या. रावजीने खुंट्या परत ठोकल्यात, कुठला नंबर कुठे होता ते त्याला आठवेना, म्हणून एक-दोन-तीन असे ओळीने लावलेत. मंडळी ललितापंचमीला येतो म्हणालीत.