बोकडाच्या डोक्यातलं नशीब

आये, आज कान तपासून आले. ज्या दवाखान्याची पायरी तू जन्मात चढली नाहीस, तिथे मी गेले. आता पडवीत बसून तुला लिहितेय. तू असतीस तर हे सगळं ओरडून सांगावं लागलं असतं आणि अख्ख्या वाडीला कळलं असतं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

धाकट्याच्या जन्मानंतर तुला कमी ऐकू यायला लागलं. तू ते कधी कबूल केलं नाहीस. कुणी काही विचारलं की मान हलवून म्हणायचीस, "असंल." आंबे उतरवायला गडी आलेत? असंल. भाताला कढ आला? असंल. एकदा बाबांनी चिडून विचारलं, घर विकून टाकू का? त्यालाही तू असंलच म्हणालीस आणि आम्ही पोट धरून हसलो. तूही हसलीस, आमच्या तोंडाकडे बघून. ते हसणं आठवलं की आता मला गलबलून येतं.

बारावीच्या पुस्तकात कानातलं सगळ्यात लहान हाड होतं, रिकीब. आपल्या कातळावर घोडा कुणी पाहिलाय? रिकीब म्हणजे घोडेस्वाराने पाय अडकवायची कडी, हे मला सरांना विचारावं लागलं. त्या रविवारी बाबांनी देवरूखच्या बाजारातून बोकडाची मुंडी आणली. तू ती मागल्या दारी साफ करतेयस आणि मी समोर उकिडवी बसून कानामागचं हाड मागतेय. काय शोधतेस म्हणून तू विचारतेस. मी ओरडते, "रिकीब!" तुझी कोयती थांबते.

"नशीब? बोकडाच्या डोक्यात तुजा नशीब कशाला असंल गो?"

घरात हशा पिकला. तू मात्र हसली नाहीस. कोयतीच्या पाठीने ते हाड बेताने फोडलंस. मग दोघींनी वाकून शोधलं, आणि तांदळाच्या कणीएवढी ती कडी तुझ्याच नजरेला पडली. माझ्या तळहातावर ठेवून म्हणालीस, "बघ, हाय काय."

होतं, आये. आज मी इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोकड, डुक्कर, ससा, म्हैस यांच्या मधल्या कानातलं पातळ अस्तर माणसाच्या अस्तराशी ताडून बघते. प्रत्येक पेशीत तिची ओळख सांगणारी काही प्रथिनं असतात, विशिष्ट रंग लावला की ती उजळतात. ज्या जनावराचा कान आपल्याशी जास्त जुळेल, त्याच्यावर कानाची औषधं आधी पारखता येतील. सशात झळकणारा रंग म्हशीत कधीकधी उमटतच नाही. माझ्याकडे शिकणारी मुलं लगेच लिहून टाकतात, प्रथिन नाही. मी त्यांना थांबवते. ते तिथे असेलही, आपला रंगच त्याला ओळखत नसेल. हाकेला ओ आली नाही म्हणून घर रिकामं समजू नये. हे मी कुठे शिकले ते मुलांना सांगत नाही.

आता माझ्याच डाव्या कानातली रिकीब जखडत चाललीय. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येऊ शकतं, आणि वेळेत ऑपरेशन केलं तर चांगलं ऐकू येतं. म्हणजे तुलाही आलं असतं. मला तुझा इतका राग आला. दवाखान्यात गेली असतीस तर काय बिघडलं असतं? आज त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आवाज कसले, काचेपलीकडे यंत्र चालवणाऱ्या मुलीचा हात हलला की मी बटण दाबत होते. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, एवढ्यात ऑपरेशनची घाई नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही म्हणून लिहितेय. सोमवारी परत जाऊन खरं सांगावं, असं मनात आहे. पण मला भीती वाटते. तुलाही वाटत असणार, हे मला आज कळलं. आत्ताच आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं. डावा कान तिकडे होता. मी म्हटलं, "असंल." ते दारात येऊन हसायला लागले. मीही हसले, त्यांच्या तोंडाकडे बघून.