त्या लुगड्याचं वय

काकू,

तुम्ही गेल्याला आता वीस वर्षं होत आली. जुनी लुगडी घेऊन, त्यांचं वय विचारायला, लोक अजून गोंदियात येतात, पण माझ्याकडे, रेल्वे फाटकापलीकडच्या दोन खोल्यांत. महिन्याकाठी एखादं माणूस येतं. एरवी दुधवाल्याशिवाय कडी कुणी वाजवत नाही.

तुम्ही ओडिशातल्या विणकराची लेक, लग्न होऊन इथे आलेल्या. मी तुमच्या खालच्या खोलीतल्या भाडेकरूची मुलगी. चुलीवर भात रटरटतोय, आणि तुम्ही खिडकीशी, दुपारच्या उजेडात, कुणाचं तरी लुगडं उलटं पसरून बसल्या आहात. "आधी पाठ पाह्य," म्हणता. छापलेलं कापड पाठीमागे फिकं पडतं. बांध्याच्या कामात धागाच आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या, आणि फुलांच्या कडा ओल्या कागदावर शाई पसरावी तशा. पदराचं एक सूत सोडवून तुम्ही माझ्या बोटांत देता. हातानं कातलेलं कुठे जाड, कुठे बारीक; गिरणीचं सरळसोट. झाडाच्या मुळांचा जुना लाल रंग सुटत नाही, नंतरचा बाजारी सुटतो; म्हणून मग ओला कापूस लाल रंगावर दाबायचा आणि थांबायचं. हे थांबणंच मला जमत नव्हतं.

कामठ्याची ती म्हातारी आली त्या दिवशीही मी थांबले नाही. तिनं आईचं लुगडं उलगडलं, मी पाठ पाहिली आणि बोलून मोकळी झाले, "हे तर छापील आहे." तिनं त्याची घडी केली आणि ती जिना उतरून गेली. तुम्ही केवढ्या भडकलात! "काऊन वं, तुले कोनं इचारलं? ते बाई आपली माय दाखवून राहिली होती तुले. जा, उद्याच जा तिच्या घरी." मी गेले. तिनं बाज टाकली, चहा दिला, पीकपाण्याचं बोलली. लुगडं मात्र पुन्हा दाखवलं नाही. परत आल्यावर तुम्ही नुसतं ताट वाढलंत.

गेल्या आठवड्यात सडक अर्जुनीहून माझ्याच वयाची एक बाई आली. पिशवीतून लाल-काळं लुगडं काढून म्हणाली, "माह्या आजीच्या आजीचं हाय. दीडशे वर्षाचं तरी असंल." पाठ पाहिली: खरा बांधा, काठ तुमच्या माहेरकडच्या पद्धतीचे. पण सूत गिरणीचं होतं, आणि ओला कापूस गुलाबी झाला. मी भिंग डोळ्याला लावलं. विचारलं, "आजी हे कधी नेसायच्या?"

ती बोलत राहिली. आजी ओडिशाकडची, माहेर तुटलेलं. हे लुगडं फक्त धान घरात आल्यावर नेसायची, आणि त्या दिवशी कुणाशी भांडत नसे. सगळं सांगून झाल्यावर तिनंच विचारलं, "मग? किती जुनं?"

"पन्नास-साठ वर्षांचं."

तिचा चेहरा उतरला. "म्हंजे आजीचं नाही?"

"आजीचंच आहे. आजीच्या आजीचं नाही. त्यांनी स्वतःच घेतलं असणार. कापड मात्र अस्सल त्यांच्या मुलखातलं."

ती बराच वेळ काठावरून हात फिरवत होती. मग हसू लागली, हसताहसता डोळे पुसू लागली. "म्हंजे म्हातारी आमच्याशी खोटं बोलून राहिली होती! माहेरचं म्हनून मिरवाले!" मग लुगडं छातीशी धरून म्हणाली, "बरं केलं तिनं." तिची बस होती. ती गेली आणि खोलीत एकदम आवाज उरला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या बाईचं लुगडं मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. तरी दीड तास मी भिंग डोळ्याला लावून, उगाचच सुतं मोजत बसले. तपासणं संपलं असं म्हटलं असतं, तर ती उठली असती.